कोयनानगरचा लाल ठिपका

ज्या गावाच्या प्रकृतीची काळजी त्या गावच्या रहिवाशांपेक्षा परगावच्या लोकांनाच अधिक असते, अशा गावांची यादी कोणी करावयास घेतलीच, तर सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याच्या कोयनानगराचे नाव तिच्या अगदी माथ्यावर घालावे लागेल. जूनच्या मध्यास पावसाने सह्याद्रीवर ठाण मांडले की यच्चयावत मराठी वर्तमानपत्रे कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणी चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस झाला ते रोज छापू लागतात. टीएमसी म्हणजे नेमके काय, हे ज्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला विचारले नाही असे गृहस्थही १०५.२५ टीएमसीच्या शिवसागर जलाशयात आज किती पाणी आहे आणि गेल्या साली याच तारखेस किती होते, याचा हिशेब चहाच्या टपरीवर तोंडपाठ म्हणून दाखवतात. धरणाचे सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले यावर सांगलीकरांची झोप अवलंबून असते, कारण आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे आकडे तेथील मुलांना पाढ्यांच्या आधी येतात. कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रास दिवेलागणीच्या वेळी कोयनेची आठवण होते, आणि भूकंपशास्त्रज्ञांस तर ती अहोरात्र असते. या सर्व गदारोळात खुद्द कोयनानगरचा मनुष्य मात्र खिडकीतून बाहेर पाहतो, पाऊस पडत असल्याची खात्री करून घेतो, आणि पुन्हा शेगडीपाशी जाऊन बसतो.

दुरून समाचार घेण्याची ही रीत येथे धरणाच्याच वयाची आहे. धरण देशावर, सातारा जिल्ह्यात; त्याच्या पाण्यावर फिरणारी मुख्य जनित्रे मात्र डोंगराच्या पोटात, पलीकडे पोफळीच्या बाजूस, आणि फिरवून झालेले पाणी कोकणातल्या वाशिष्ठीला; त्यामुळे कुंभार्ली घाटाच्या वरच्या माणसाने खालच्या माणसास 'काय चालले आहे?' असे विचारल्यावाचून या प्रकल्पाचे पान कधी हललेच नाही. साठच्या दशकात जलाशय भरू लागला आणि जमिनीने कुरकुर आरंभिली, तेव्हा खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेने भूकंपमापक बसवले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जो हाहाकार झाला, त्याची आठवण काढताना आमच्या गावात अजून आवाज खाली येतो, आणि त्यानंतर ही कुरकुर ऐकणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. आज हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेपासून कराडजवळ हजारमाचीस असलेल्या प्रयोगशाळेपर्यंत अनेकांचे कान आमच्या जमिनीला लागलेले असतात. गोठण्यास तर सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडून पृथ्वीची नाडी जवळून पाहण्याची तजवीज झाली आहे.

जुन्या भूकंपमापकाच्या फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेला कागद रोज एक मनुष्य बदलीत असे आणि त्यावर तारीख-वेळ घालीत असे. यंत्र गप्प राहिले तर ते का गप्प राहिले, शाई संपली, घड्याळ अडले की कागद भिजला, हे सांगण्यास तो मनुष्य जागेवर हजर असे. पुढे दूरसंदेशनाचे युग आले. पर्जन्यमापक, पातळीमापक, कंपमापक, कार्यालयातला हजेरीपट, सारे काही आपापल्या आकड्यांसह आपणहून शहरात जाऊन बसू लागले, आणि मधला मनुष्य निघून जाऊन त्याच्या जागी राउटर नावाची पेटी आली. ही पेटी कामास वाघ आहे. सुटी मागत नाही, चहा मागत नाही, बदलीसाठी आमदारांची चिठ्ठी आणीत नाही. परंतु 'गप्प का झालीस?' या एका प्रश्नाचे उत्तर तिला देता येत नाही, आणि गंमत अशी की राउटरांवर देखरेख करणारी जी विद्या गेल्या काही दशकांत उदयास आली, ती सारी याच एका प्रश्नाभोवती फिरते.

मी राहतो त्या आळीला लागूनच एक कार्यालय आहे. कोणते, ते सांगत नाही. निवृत्त शिक्षकाने शेजाऱ्यांशी गोडीगुलाबीने राहावे हे बरे. तेथल्या लोखंडी कपाटात असा एक राउटर नांदतो. कोयनानगरच्या पावसाळ्यात चपलेपासून चष्म्याच्या घरापर्यंत प्रत्येक वस्तूवर बुरशी धरते, म्हणून रखवालदाराने राउटरच्या शेजारी एक पिवळा बल्ब अहोरात्र तेवत ठेवला आहे, पेटीखाली फरशीचे दोन तुकडे घातले आहेत, आणि कपाटाच्या दाराशी मुंग्यांसाठी खडूची रेघ ओढलेली आहे. पेटीच्या तोंडावर दिव्यांची एक ओळ असून त्यांतील काही स्थिर राहतात व काही उड्या मारतात. दसऱ्यास तिला झेंडूची माळ आणि आपट्याचे पान मिळते. निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेत यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. पण ती पुस्तिका लिहिणाऱ्याने नवजाचा पाऊस पाहिलेला नसावा.

या पेटीची प्रकृती पाहण्याचे काम पुण्यात होते, आणि योगायोग असा की ते पाहणाऱ्यांत माझा सख्खा भाचा आहे. तो बसतो त्या दालनात भिंतभर पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा असून त्यावर ठिकठिकाणच्या राउटरांचे ठिपके आहेत: बरा असेल तो हिरवा, अत्यवस्थ तो पिवळा, आणि गेला तो लाल. हे ठिपके रंगवणारे सॉफ्टवेअर म्हणजे जुन्या मामलेदार कचेरीतील हजेरीनवीस कारकुनाचा पुनर्जन्म होय. दर पाच मिनिटांनी तो यादी काढतो, एकेकाचे नाव पुकारतो, 'हजर' हा शब्द कानी आला की नावापुढे हिरवी खूण करतो, आणि तीन पुकारांत शब्द आला नाही की, इसम समोर उभा असला, किंबहुना त्याच्याच हातचा चहा कारकून पीत असला, तरी 'गैरहजर' असे लिहून मोकळा होतो. दोन पुकारांच्या दरम्यान जे घडते, ते त्याच्या दप्तरी घडतच नाही. सुमारे १९६० मेगावॉटचा प्रकल्प उशाशी असलेल्या आमच्या गावात दिव्याखाली अंधार असायचाच; पण वीज नऊ वाजून एक मिनिटाने गेली आणि नऊ वाजून चार मिनिटांनी आली, तर पुण्याच्या दृष्टीने त्या दिवशी कोयनानगरात अखंड उजेड.

पुकारण्याचेही प्रकार आहेत. पहिला साधा. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेतील माइक म्यूस या अभियंत्याने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला पिंग नावाचा इवलासा प्रोग्राम 'आहेस का?' एवढेच विचारतो आणि 'आहे' एवढ्यावर संतुष्ट होतो. दुसरा प्रकार चौकस. १९८८ साली कागदावर उतरलेल्या एसएनएमपी नावाच्या रिवाजानुसार राउटरच्या १६१ क्रमांकाच्या खिडकीशी जाऊन त्याची सविस्तर कैफियत विचारता येते: किती पाकिटे आली, किती गेली, किती गहाळ झाली, किती काळ अखंड जागा आहेस. याहून भव्य आणि सर्वांगपरिपूर्ण असा दुसरा रिवाज सिद्ध होईपर्यंत निभावून नेण्यासाठी म्हणून हा काढला होता. त्या भव्य रिवाजाला पुढे फारसे कोणी विचारले नाही, आणि हा तात्पुरताच आजतागायत कारभार पाहतो आहे. तात्पुरत्या म्हणून उभ्या केलेल्या गोष्टी किती काळ उभ्या राहतात, हे प्रकल्पाच्या गावात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. कैफियत देण्यापूर्वी राउटर परवलीचा शब्द विचारतो, आणि हा शब्द कारखान्यातूनच बहुधा 'पब्लिक' असा घालून येतो. गुप्त शब्द म्हणून ज्याने नेमका हा निवडला, त्याच्या विनोदबुद्धीस, अथवा तिच्या संपूर्ण अभावास, माझा दंडवत असो. याशिवाय, संकट ओढवल्यास राउटरने कोणी न विचारताही पुण्याच्या १६२ क्रमांकाच्या खिडकीत वर्दी टाकावी अशी एक सोय आहे. मात्र त्या वर्दीची पोच सहसा मिळत नाही, आणि वाट तुटल्याची वर्दी तुटलेल्या वाटेनेच धाडावयाची असल्यामुळे ती बहुधा वाटेतच राहते.

एवढी प्रस्तावना केल्यावर मूळ प्रकरणाकडे वळणे सोयीचे जाईल. माझ्या घरात मोबाइलला रेंज येत नाही, सबब मी संध्याकाळी त्या कार्यालयाच्या ओसरीवर, रखवालदाराच्या शेजारी बसून, कार्यालयाच्याच वायफायवरून आप्तेष्टांशी बोलत असतो. या वायफायचा परवलीचा शब्द मला कसा कळला, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. आषाढातल्या अशाच एका संध्याकाळी, पाऊस पत्र्यावर ताशा वाजवीत असता, भाच्याचा व्हिडिओ कॉल आला.

"मामा, तुमच्या शेजारच्या ऑफिसातला राउटर डाउन दाखवतोय. जरा बघून सांगता का?"

मी रखवालदारास कपाट उघडण्यास सांगितले. त्याने बॅटरीचा झोत टाकून निरखून पाहिले आणि मोठ्याने अहवाल दिला, "गुरुजी, दिवं तर समदं पेटल्यात. ह्यो हिरवा हाय, ह्यो बी हिरवा हाय, आन् ह्यो उड्या मारतोय."

"इकडे लाल आहे हो, मामा."

"अरे, तुला माझा चेहरा दिसतोय ना?"

"दिसतोय की. चष्मा नवा केलात वाटतं."

"मग हा चेहरा तुझ्याकडे कोणत्या वाटेने आला?"

भाचा बुद्धिमान आहे. तो काही क्षण थांबला आणि सरकारी नोकरीत नसतानाही सरकारी नोकराला शोभेल अशा गांभीर्याने म्हणाला, "तुमचं म्हणणं खरं आहे, मामा, पण सिस्टिमला तो दिसत नाहीये ना."

यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. मी दिसतो, माझा चष्मा दिसतो, माझ्या मागे वाळत घातलेली रखवालदाराची घोंगडी दिसते, आणि ज्याच्या पोटातून हे सारे पुण्यास पोहोचते तो राउटर तेवढा दिसत नाही, कारण तो दिसतो की नाही हे ठरविण्याचा अधिकार भाच्यास नसून ठिपक्यास आहे. रखवालदाराने कपाट लावले, खडूची रेघ थोडी पुसली होती ती पुन्हा ओढली, आणि यूट्यूबवर अर्धवट राहिलेले कीर्तन त्याच मृत राउटरवरून पुढे ऐकावयास घेतले.

यानंतर जे उपचार सुरू झाले त्यांचा क्रम सर्व जगात सारखाच आहे. प्रथम 'बंद करून चालू करा' असा आदेश आला. तो पाळला. त्यामुळे कीर्तनात खंड पडला, ठिपका लालच राहिला. मग तक्रारीस क्रमांक मिळाला. क्रमांक मिळाल्यावर तक्रारीला स्वतःचे आयुष्य लाभते आणि ती मूळ दुखण्यावाचूनही जगू शकते. कराडहून एक तंत्रज्ञ एसटीने आला, कपाटाशी पोहोचेपर्यंत त्याच्या पिंढऱ्यांना जळवा लागल्या, त्या मीठ टाकून सोडवण्यात निम्मा वेळ गेला, आणि उरलेल्या वेळात त्याने राउटर तपासून 'उपकरण चालू स्थितीत आढळले' असा शेरा मारून तक्रार निकालात काढली. तो परतीच्या गाडीत बसला न बसला तोच सॉफ्टवेअरने पुन्हा पुकारा केला, उत्तर ऐकले नाही, आणि तीच तक्रार नव्या क्रमांकाने दाखल केली. त्या बिचाऱ्याने खरे तेच लिहिले होते, आणि सॉफ्टवेअरनेही स्वतःस जे कळले तेच नोंदले होते. दोन सत्यवचनी पक्षांत तंटा लागला म्हणजे तो मिटवणे किती दुर्घट असते, हे भावकीच्या दाव्यांवरून आपणांस ठाऊकच आहे.

पुण्यात तज्ज्ञांची सभा भरली. एकाने काढले की राउटर केवळ ओळखीच्या पत्त्यांनाच उत्तर देत असावा, आणि मध्यंतरी पुण्याच्या यंत्राचा पत्ता बदलला ती वार्ता कोयनानगरास कळवावयाची राहिली असावी. पाहिले, तर वार्ता कळवली होती. दुसऱ्याने एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीवर बोट ठेवले. या आवृत्तीत 'पब्लिक'चा पोरखेळ काढून टाकून नाव, परवल, कुलूप आणि घड्याळ असा कडेकोट बंदोबस्त केला आहे, आणि दोन्हीकडच्या घड्याळांत १५० सेकंदांहून अधिक तफावत पडली तर खरे बोलणाऱ्यासही खोटे ठरवून परत धाडले जाते. अडीच मिनिटांचा हा कडकपणा ऐकून मला चिपळूण-कराड गाडीची वाट पाहण्यात गेलेल्या कित्येक सकाळी आठवल्या. परंतु चौकशीअंती असे निघाले की येथे तिसरी आवृत्ती अद्याप लावलेलीच नव्हती. तिचा प्रस्ताव मंजुरीसाठी वर गेलेला होता.

तिसऱ्याने ४९७ दिवसांची गोष्ट काढली, आणि ती प्रस्तुत दुखण्याशी काडीइतकाही संबंध नसता मला इतकी आवडली की येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. राउटर किती काळ अखंड जागा आहे, हे तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो, आणि हा आकडा ठेवण्यास त्याच्याकडे ३२ बिटांची जागा असते. ही जागा ४९७ दिवसांहून किंचित अधिक काळाने भरते, आणि मग मोजणी निमूटपणे पुन्हा शून्यापासून सुरू होते. पुण्याचा हजेरीनवीस हे शून्य पाहतो आणि हा आत्ताच झोपेतून उठला असे समजून मध्यरात्री साहेबांस धोक्याचा संदेश धाडतो. म्हणजे जो अधूनमधून कोलमडतो त्याच्यावर हा प्रसंग कधीच येत नाही. ज्याने सव्वा वर्षाहून अधिक काळ डोळ्यास डोळा लागू दिला नाही, त्याच्याच सेवापुस्तकात 'आज नव्याने रुजू' अशी नोंद पडते. माझ्या ओळखीच्या काही प्राथमिक शिक्षकांस हे वाचून राउटरविषयी बंधुभाव वाटेल.

अखेर गुंता सोडवला तो सभेत मागच्या खुर्चीवर बसलेल्या एका कनिष्ठ अभियंता मुलीने. ती काही बोलली नाही. तिने एवढेच केले की पुण्याच्या यंत्राच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची झडती घेतली. तेव्हा उघडकीस आले की कोयनानगरचा राउटर दर पाच मिनिटांनी, न चुकता, मागितलेली सर्व माहिती मुकाट्याने धाडीत होता. त्याची उत्तरे पुण्याच्या उंबरठ्यावर येऊन पडत होती, आणि पुण्याचे यंत्र ती एकामागून एक केराच्या टोपलीत टाकीत होते.

त्याचे कारण असे. पाटणच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला चर खणणाऱ्या कोणा जेसीबीने जमिनीतली फायबर तोडली होती. राउटर हुशार, त्याने एक क्षणही न दवडता छपरावर उंच बांबूला बांधलेल्या अँटेनाचा आश्रय घेतला, मोबाइलच्या मनोऱ्यामार्गे पुण्यापर्यंत दुसरा बोगदा जोडला, आणि कोणाच्या काही लक्षात येण्यापूर्वी कारभार पूर्ववत सुरू केला. कोयनेच्या पाण्यात बोगदे काढण्याचा गुणच आहे. परंतु या राउटरच्या अंगी एक खोड होती. त्याला दारे दोन आणि प्रत्येक दाराचा पत्ता निराळा. पिंगने एका दाराशी 'आहेस का?' विचारले तर तो त्याच दाराच्या पत्त्यावरून 'आहे' म्हणे, पण एसएनएमपीची कैफियत द्यावयाची झाली की ज्या दारातून ती बाहेर पडत असेल त्या दाराचा पत्ता तिच्यावर घाली. पुण्याने विचारलेले फायबरच्या दाराला. उत्तर आले अँटेनाच्या दाराचे नाव लावून. हजेरीनवीसाने ते पाहिले, 'आपण यांना काही विचारलेच नव्हते' असा निर्वाळा दिला, आणि ज्यास विचारले होते तो गप्प आहे म्हणून त्याच्या नावापुढे लाल खूण केली. म्हणूनच पिंग म्हणत होता जिवंत, आणि ठिपका म्हणत होता दिवंगत.

राउटरचा दोष तो कोणता? सर्वनाश ओढवला असता त्याने निम्म्याहून अधिक वाचवले होते. ज्या रात्री त्याने आपले सर्वांत मोठे कर्तृत्व दाखवले, त्याच रात्री त्याला मृत घोषित करण्यात आले. आणि तो तसाच तुटल्या फायबरपाशी स्वस्थ बसून राहिला असता तरी ठिपका याहून अधिक लाल झाला नसता. येथे सर्वच सॉफ्टवेअरांस एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. नागिओस नावाच्या जुन्या आणि जाणत्या सॉफ्टवेअरात 'यंत्र बंद आहे' आणि 'यंत्रापर्यंत पोहोचता येत नाही' या दोन अवस्था निरनिराळ्या मानल्या आहेत. मधला पाटणचा दुवा तुटला तर त्यापलीकडच्या गावांच्या नावाने सुतक न धरता, तिकडचे काही कळत नाही, एवढेच ते म्हणते. हा विवेक माणसांतही विरळा आहे. पत्राचे उत्तर आले नाही की आपण समोरच्यास कृतघ्न ठरवतो. पत्र आपल्याच फाटकाच्या पेटीत भिजत पडले असेल, ही शंका कोणास येते? सांगलीकर या बाबतीत आमच्या हजेरीनवीसापेक्षा फार पुढे आहेत. पूर येण्याच्या दिवसांत संकेतस्थळावरचा आकडा तासभर बदलला नाही, तर पाणी स्थिर आहे असे ते समजत नाहीत. ते कोयनानगरातल्या नातलगास फोन लावून 'काय हो, सोडलं का पाणी?' असे थेट विचारतात, आणि तो नातलग छत्री घेऊन पाहून येतो.

उपाय एका ओळीचा निघाला. राउटरला एक असा पत्ता देता येतो की जो कोणत्याच दाराचा नसतो, पेटीच्या अंतर्यामी राहतो, आणि म्हणून कोणतेही दार बंद पडले तरी तो बंद पडत नाही. पुण्याने यापुढे त्या पत्त्यास विचारावे आणि राउटरने प्रत्येक कैफियतीवर तोच पत्ता घालावा, अशी आज्ञा त्या मुलीने पुण्यात बसल्या बसल्या टंकित केली. ठिपका हिरवा झाला. दालनात टाळ्या पडल्या म्हणे. भाच्याने ही शुभवार्ता देण्यासाठी मला कॉल केला, आणि मी ती रखवालदारास सांगितली.

"म्हंजी आता चालू झाला म्हनायचा?" त्याने विचारले.

"हो."

"बंद कवा पडला हुता?"

तक्रार बंद करावयाची तर कारण लिहावे लागते, आणि कारणे एका ठरावीक यादीतूनच निवडावी लागतात: वीज, केबल, उपकरण, नैसर्गिक आपत्ती. 'उत्तर आले होते, आम्ही वाचले नाही' असे कारण त्या यादीत नसल्यामुळे नैसर्गिक आपत्ती निवडण्यात आली. कोयनानगरच्या नावावर अशा पुष्कळ आपत्ती खपतात. वरिष्ठांनी मात्र प्रकरणाचा धडा घेतला. मेलेला म्हणून गणलेला राउटर जिवंत निघाला, ही नामुष्की पुन्हा ओढवू नये यासाठी त्यांनी हुकूम काढला की यापुढे तीन पुकारांवर लाल खूण करू नये; बारा पुकार फुकट जाईपर्यंत, म्हणजे पुरता एक तास, ठिपका हिरवाच ठेवावा. शिवाय दुसऱ्या हुकुमान्वये रखवालदारावर अशी जबाबदारी आली की नेट बंद पडल्यास त्याने ते विनाविलंब पुण्यास फोन करून कळवावे, आणि त्याप्रीत्यर्थ होणारा वाजवी खर्च कार्यालयाकडून मागून घ्यावा. हे दोन्ही हुकूम एकाच दिवशी, एकाच सहीने निघाले. त्यांची एकमेकांशी गाठ पडेल, हे सही करणाऱ्याच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

श्रावणात वादळी पावसाने बांबूसकट अँटेना उपटली, आणि त्याच दुपारी रस्त्यावरच्या जेसीबीने नुकती सांधलेली फायबर पुन्हा तोडली. या वेळी राउटर खरोखरच जगापासून तुटला. गावात तर मोबाइलला रेंज नाही. रखवालदाराने कपाट लावले, डोक्यावर इरले घेतले, वडापच्या जीपमध्ये मागच्या फळीवर लोंबकळत हेळवाक गाठले, आणि तेथून भाच्यास फोन केला, "सायेब, म्या बोलतोय. राउटर गेला. या खेपंला खराच गेला." भाच्याने पडद्याकडे पाहिले. कोयनानगरचा ठिपका हिरवागार होता. रखवालदाराच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याने माणसे हलवली हे त्याचे मोठेपण; तास भरण्यापूर्वी फायबर जोडली गेली आणि बारावा पुकारा नेहमीप्रमाणे 'हजर' ऐकून पुढे गेला.

महिनाअखेर रखवालदाराने जाण्यायेण्याच्या भाड्याची मागणी केली. अर्ज मीच लिहून दिला होता आणि त्यात 'विनाविलंब', 'उपरोक्त हुकुमान्वये' व 'कृपावंत होऊन' हे तिन्ही शब्दप्रयोग यथास्थित घातले होते. लेखा विभागाने तो दोन हरकती घेऊन परत केला: एक, वडापची पावती जोडलेली नाही, आणि दोन, नमूद दिवशी सदर राउटर बंद असल्याचे संगणकीय नोंदीत आढळून येत नाही, सबब मागणी नामंजूर.